आवाज बिघडला नव्हता, आक्का

आक्का, हे मी साडेचार वर्षं टाळलं. तू दुकानात माझ्यापासून दोन हातांवर बसलेली असायचीस तेव्हा टाळलं, आणि दवाखान्यात तुझ्या उशाशी बसलो होतो तेव्हाही टाळलं. आता तुला जाऊन महिना झाला आणि मी लिहायला बसलोय. यात धीटपणा काही नाही. समोर कोणी नसलं की खरं बोलणं सोपं जातं, एवढंच.

भेटायला येणारी माणसं एकच वाक्य बोलतात. "आक्कांचं सगळं तुम्ही केलंत. भाऊ असावा तर असा." मी मान हलवतो, चहा पुढे करतो. परवा बस्तीतून जिनदर्शन करून येताना तुझ्या एका जुन्या शिष्येने रस्त्यात थांबवून तेच म्हटलं, आणि मी पुन्हा मान हलवली. त्या मान हलवण्यासाठी हे लिहितोय.

तू सासरहून परत आलीस, ती का, हे इथे लिहायचं कारण नाही. आलीस आणि चार दिवसांत दुकानात येऊन बसलीस. मी लोकर विकत होतो खरा, पण मला तिच्यातलं काही कळत नव्हतं. रंग आणि नंबर बघून गठ्ठे फडताळात लावायचे, एवढंच माझं ज्ञान. तू मला डोळे मिटायला लावायचीस आणि हातात धागा द्यायचीस. "सांग, किती पदरी?" मी चुकलो की म्हणायचीस, "बाबू, तू ह्ये दुकान चालवतोस का दुकान तुला?" बोटांनी पदर ओळखायला मला दोन वर्षं लागली. आजही गिऱ्हाईक समोर असलं की हात आपोआप धागा चोळून बघतात. ती सवय तुझी आहे.

बाया खरेदीला यायच्या आणि तुझ्यापुढे बसून राहायच्या. निपाणीत निम्म्या घरांतल्या टीव्हीवरचे रुमाल तुझ्या पाटासमोर शिकून झालेत. तू क्रोशा शिकवताना कन्नडमध्ये मोजायचीस, कारण तुला शिकवणारी शेजारची गंगव्वा तशीच मोजायची. वंदु, यरडु, मूरु. बायासुद्धा तसंच मोजायला लागायच्या. एकदा एक मराठी शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "आक्का, मराठीत मोजलं तर नाही का जमणार?" तू म्हणालीस, "जमंल की. पर मग गंगव्वा रुसंल." गंगव्वा जाऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती.

डावखुरी मुलगी आली की तू तिला शेजारी न बसवता समोर बसवायचीस. आरशात बघितल्यासारखा तुझा उजवा हात तिच्या डाव्याशी जुळायचा. हे तुला कोणी शिकवलं होतं, ते मी कधी विचारलं नाही. असं बरंच विचारायचं राहिलं.

मग टाळेबंदीचं वर्ष आलं. दुकानाचं शटर खाली. उद्यमबागेतला कारखाना बंद पडला म्हणून माझा मुलगा आणि सून बेळगावहून इकडे येऊन राहिले. सून स्नेहल कॉम्प्युटर शिकवणारी. तिला घरात बसवेना, आणि तुलाही. एका दुपारी तू तिच्या हातात सुई दिलीस, आणि दोन दिवसांनी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"मामंजी, आक्कांचा कोर्स करूया. ऑनलाइन. अगदी ज्यांना सुई कशी धरायची तेही माहीत नाही, त्यांच्यासाठी."

"आणि घेणार कोण? मोबाईलवर फुकट ढीगभर मिळतं."

"म्हणूनच तो लोकरीच्या दुकानांतून द्यायचा. पुडक्यात सुती धाग्याचे दोन गुंडे, एक सुई आणि एक कार्ड. कार्डावरचं चौकोनी चित्र मोबाईलने टिपलं की आठ धडे उघडतील. अडलं तर ज्या दुकानातून घेतलं तिथे जाऊन विचारायचं. दुकानदारालाही बरं, बाई पुन्हा दुकानात येते."

मला ते एकदम पटलं. सदलग्यापासून बेळगावपर्यंत, आणि तिकडे कोल्हापुरात, लोकरीचे दुकानदार माझ्या ओळखीचे होते. तुला मात्र पटलं नाही. "हात धरल्याबिगर हात वळत न्हाय," तू म्हणालीस. मी म्हणालो, "आक्का, लोक मोबाईलवर बघून इंजिन दुरुस्त करायला शिकतात." तू म्हणालीस, "इंजिनाला लाज वाटत न्हाय. पैल्यांदा सुई धरणाऱ्या बाईला वाटती." तो वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. पण स्नेहलच्या शब्दाखातर तू तयार झालीस.

दुकानातच चित्रण केलं. काळ्या कापडावर तुझे हात, आणि वर स्टुलाला दोरीने उलटा बांधलेला मोबाईल. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. तू घामाने निथळत होतीस आणि तरीही बोलणं थांबत नव्हतं. साखळी शिकवताना तू बोललीस, खांबाचा टाका शिकवताना बोललीस, आणि चौथ्या धड्यात, गोल रुमाल शिकवताना, तू विणलेल्या पहिल्या झाकणाची गोष्ट सांगितलीस. मी शटरला टेकून ऐकत होतो. मनात म्हटलं, ही कधी मुद्द्यावर येणार?

आठ धडे झाले. ते घेऊन मी बेळगावातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. नुकतीच दुकानं उघडली होती. त्याने गल्ल्यावर मोबाईल उभा केला आणि दुसरा धडा लावला. तुझा आवाज दुकानभर झाला. "घाबरू नगंस गं. सुई हाय, साप न्हाय. आता मोज माझ्यासंगं. वंदु, यरडु..." तिथे लोकर निवडणारी एक बाई होती, चांगल्या घरातली दिसत होती. ती हसली.

ती कौतुकाने हसली असेल. आपली आत्या आठवली म्हणून हसली असेल. मी विचारलं नाही. दुकानदार एवढंच म्हणाला, "हात झकास आहेत. बोलणं जरा आपलं घरगुती आहे." त्यातही वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले. आक्का, तुला माहीत आहे, या भागात मराठीसाठी मी आयुष्यभर किती तावातावाने बोललोय. पाटीवर मराठी, कागदावर मराठी, कोणी काही म्हटलं की मी उठून उभा. आणि त्या दिवशी आपल्याच घरातली मराठी परक्या दुकानात ऐकू आली, तेव्हा मी हात पुढे करून मोबाईल बंद केला. मनात आलं, हे कोल्हापुरात वाजलं तर लोक म्हणतील, ह्या सीमेवरच्यांना धड मराठी तरी येते का.

परत येताना बसमध्येच ठरवून टाकलं. कोल्हापूरच्या एका बाई समारंभांत सूत्रसंचालन करायच्या, आवाज गोड. त्यांना वाचायला मजकूर मी लिहून काढला. तुझं बोलणं ऐकत ऐकत, त्यातलं जे मला कामाचं वाटलं ते स्वच्छ मराठीत उतरवलं, बाकी सोडलं. आयुष्यात एक साखळी न विणलेला माणूस, मी ठरवलं काय कामाचं आणि काय नाही. स्नेहल म्हणाली, "मामंजी, आक्कांना आधी विचारायला हवं." मी म्हणालो, "ते मी बघतो. तू तिच्याशी काही बोलू नकोस."

आणि मी तुला सांगितलं की आवाज बिघडलाय.

तू तांदूळ निवडत होतीस. हात थांबला. "समदाच?"

"समदाच. मशीनचा दोष. नुसती खरखर."

तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस. मग म्हणालीस, "बरं."

विषय तिथे संपला असं मी धरून चाललो. तिसऱ्या दिवशी तू दुकानात वही घेऊन आलीस. त्यात पेनने ओळी लिहिल्या होत्या, खाडाखोड करून. तू पाटावर बसलीस, चष्मा लावलास आणि वाचायला लागलीस. "मैत्रिणींनो, आता आपण साखळी कशी विणायची ते पाहणार आहोत." तुझा तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. शाळेत तपासणीला साहेब आल्यावर मुलं वाचतात, तसा. दोन ओळी वाचून तू थांबलीस. "असं चाललं का रं? माझं बोलणं नगं आसंल तर तसं सांग. मी नीट बोलीन. परत करू."

तू दार पुरतं उघडून धरलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं.

मी म्हणालो, "छे छे, तसं काही नाही. आवाजच बिघडला. आणि आता त्या बाई ठरल्यात."

तू वही मिटलीस. "मग र्‍हाऊ दे," म्हणालीस आणि समोरच्या गिऱ्हाइकाला विचारलंस, "काय दावू?"

पुडकी दुकानांत गेली आणि चांगली खपली. महिन्याभरात मात्र फोन यायला लागले. सदलग्याचा दुकानदार म्हणाला, "अण्णा, तुमच्या रुमालाच्या समद्यांच्या वाट्या व्हायल्यात." मला वाटलं चेष्टा करतोय. मग सदलग्याची शोभा नावाची एक बाई बसने निपाणीला आली आणि पिशवीतून तिने खरोखरच एक वाटी काढली. सुती धाग्याची, कडा उभ्या. चौथा धडा बघून गोल रुमाल करायला गेली होती.

तू ती वाटी हातात घेतलीस, बोटं फिरवून बघितलीस आणि उसवायला घेतलीस. शोभा तुझ्या हातांकडे बघत राहिली. तुझ्या डाव्या अंगठ्याचं ते चिरलेलं नख.

"अय्या, मावशी, व्हिडिओतले हात तुमचेच की. मग बोलतंय कोण?"

मी लोकरीचे गठ्ठे लावत होतो. माझी पाठ तुमच्याकडे होती.

"माझा आवाज बिघडला त्यात," तू म्हणालीस. "मशीननं."

"आणि ती बाई नुसतं म्हणती, अशाच प्रकारे पुढील फेऱ्या विणत जा. मी गेले की विणत. ह्ये झालं."

तू हसलीस. "तिचा काय दोष. तिला जे दिलं ते तिनं वाचलं. ऐक, माझं पैलं झाकण आसंच झालतं. आईच्या कळशीवर घालाय केलतं. दर फेरीला तेवढंच खांब घालत गेले. कड उभी र्‍हायली. आई म्हणाली, ह्यात आमटी वाढू काय तुला? मी रडाय लागले. मग गंगव्वा आली. म्हणाली, फेरी मोठी हुती तसं खांब वाढवाय पायजेत गं. पैल्या फेरीत बारा, मग चोवीस, मग छत्तीस. लोकं वाढली की पंगत मोठी करावी लागती का न्हाय? तसं."

मग तू तिचा हात धरलास आणि मोजायला लागलीस. वंदु, यरडु, मूरु.

तीच गोष्ट. शब्द न शब्द तीच. मजकूर लिहिताना मी ती अख्खी गोष्ट गाळली होती, कारण त्यात आईची आमटी होती, गंगव्वा होती आणि मला ती फाफटपसारा वाटली होती. सगळा धडा त्या गोष्टीतच होता. तुझे हात पडद्यावर खांब वाढवत होते, पण नवख्या बाईला ते दिसतं कुठे. तिला कानात कोणीतरी सांगावं लागतं. सांगणारी तू होतीस आणि तुला मी गप्प केलं होतं.

तेव्हा वळून बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी आठवड्याभरात एक चिठ्ठी छापून घेतली. बारा, चोवीस, छत्तीस. प्रत्येक पुडक्यात एक घातली. खाली तुझं नाव नाही, गंगव्वाचं तर नाहीच. तू ती चिठ्ठी उचलून वाचलीस. "अक्षर झ्याक हाय," एवढंच म्हणालीस. त्यानंतर वर्षभर ज्या ज्या वाट्या दुकानात आल्या, त्या तू उसवून दिल्यास. माझ्या चुका तुझ्या मांडीवर येत होत्या आणि तू त्यांचा पुन्हा धागा करून, नीट गुंडाळून परत देत होतीस. एकदाही तक्रार नाही. टोमणासुद्धा नाही, आणि टोमण्यात तर तू कोणाला हार जायची नाहीस. त्या गप्प राहण्यावरून मला कळायला हवं होतं.

तू बेळगावच्या दवाखान्यात होतीस तेव्हा मी रोज सकाळच्या बसने यायचो. बसमध्ये वाक्य जुळवायचो. "आक्का, मी तुझ्याशी खोटं बोललो, मला क्षमा कर." छान, स्वच्छ वाक्य. तुझ्याजवळ आलो की ते तोंडात बसायचं नाही. आपल्या घरात कोणी कोणाला क्षमा कर असं कधी म्हटलंय? एका दुपारी तू जरा बरी होतीस. दिवस मावळायच्या आत जेवण हवं म्हणून तू नर्सबाईंशी वाद घालून जिंकली होतीस, त्यामुळे खुशीत होतीस. मला विचारलंस, "पोरी आजून वाट्याच कराय लागल्यात का रं?"

"नाही. आता सपाट होतात."

"मग झालं."

मी खुर्ची जवळ ओढली. तू माझ्याकडे बघून वाट बघत होतीस, आता मला तसंच वाटतं. मी म्हणालो, "पाणी देऊ?" तू म्हणालीस, "दे."

दुसऱ्या दिवशी तुला बोलता येत नव्हतं. मी मनाची समजूत घातली की तुला उत्तर देता येत नसताना आपण एकट्यानेच बोलून मोकळं होणं बरं नाही. भित्र्या माणसाला कारणं किती सभ्य सुचतात.

तू गेल्यावर आठ दिवसांनी मी स्नेहलला सगळं सांगायला बसलो. तुझ्याशी काय खोटं बोललो, ते तिला ठाऊक नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मामंजी, ज्या दिवशी चित्रण संपलं ना, त्याच संध्याकाळी आठही धडे मी आक्कांच्या मोबाईलवर पाठवले होते. त्यांनी माझ्यासमोर ऐकले. आमटीच्या गोष्टीला स्वतःच हसत होत्या. म्हणाल्या, माझा आवाज आईवाणी हाय की गं."

मी तुझा मोबाईल उघडला. आठही धडे तिथे होते. खरखर नव्हती. पंखा बंद असल्यामुळे तुझा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

म्हणजे तांदूळ निवडताना तू "समदाच?" असं विचारलंस, तेव्हाच तुला माहीत होतं. वही घेऊन आलीस तेव्हा माहीत होतं. शोभाला "मशीननं" म्हणालीस तेव्हाही. माझं खोटं तू माझ्यापेक्षा नीट सांभाळलंस, चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून. आणि मी मात्र तुझ्या बोलण्याने माझी मान खाली जाईल म्हणून तुझा आवाज काढून टाकला होता.

आता तुझा आवाज परत लावलाय. स्नेहलने दोन दिवसांत केलं. कार्डं तीच राहिली, उघडल्यावर आत तू बोलतेस. सुरुवातीला लिहिलंय, शिकवणाऱ्या: सुनंदाआक्का, निपाणी. बेळगावच्या त्या दुकानदाराला मी स्वतः जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मी तेव्हा घरगुती म्हटलं ते चांगल्या अर्थानं हो, अण्णा." मी म्हटलं, असेल. आता ते दुकानात मोठ्याने वाजतं आणि त्याची बायको गल्ल्यावर बसून वंदु, यरडु करत विणते. सदलग्याच्या शोभाचा फोन आला. म्हणाली, "अण्णा, मावशीचा आवाज आला. मी उगाच सगळे धडे पुन्हा बघितले. येतंय मला सगळं, तरी बघितले." तिच्या घरात आता तिची मुलगी शिकतेय, डावखुरी आहे. शोभा तिला समोर बसवते.

आपला तो वाद बहुतेक तूच जिंकलीस. हात धरल्याशिवाय हात वळत नाही. फक्त मला आता वाटतं, आवाजानेही थोडाफार हात धरता येतो. यावर तू काय म्हणाली असतीस, ते मी ऐकायला हवं होतं.

हे सगळं तुला माहीतच होतं, आक्का, म्हणजे कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही. एकच वाक्य उरलंय. बसमध्ये जुळवलेलं ते स्वच्छ वाक्य नको. आपल्या घरातलं सांगतो.

आक्का, मी खोटं बोल्लो. तुझा आवाज लई झ्याक आलता. चुकलं गं माझं.